काळं पडलेलं सिलिकॉन

मी एरंडोलला शाळेत विज्ञान शिकवतो. 'प्लाझ्मा ही पदार्थाची चौथी अवस्था' हे वाक्य वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. पण गेल्या उन्हाळ्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालंय. मेडिकलवर, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल त्याला धरून मी तेच सांगतो. बायको म्हणते, दूधवाल्याला तरी सोडा. कसा सोडू? अहो, तिकडे प्रयोगशाळेत गॅसनं सिलिकॉन कोरतात! केसाच्या शंभराव्या भागाइतकी बारीक रेघ, तिच्या भिंती उभ्या सरळ, तळ सपाट. आणि तो तळ सपाट न होता खडबडीत झाला, तर कारण शोधायची जी तऱ्हा आहे, तिच्यापुढे पोलिसी कथा पाणी भरेल.

सुरुवात भाचीमुळे झाली. ती मुंबईत एका संशोधन संस्थेत काम करते. सुटीला आली तेव्हा पिशवीतून एक चपटी प्लॅस्टिकची डबी काढून तिनं ओट्यावर ठेवली. आत नखाएवढे दोन तुकडे. एक लखलखीत, त्यात माझ्या चष्म्याची काडीसुद्धा स्वच्छ दिसत होती. दुसरा काळा. काळा म्हणजे किती? भर दुपारी अंगणात उन्हात धरला, तरी त्यावर ऊन पडलंय असं वाटेना. तिरपा केला, उलटा फिरवला, कुठेही चकाकी नाही. आईनं वाकून पाहिलं नि विचारलं, "हाई काय शे?"

"आजी, दोन्ही सिलिकॉनच्या एकाच चकतीचे तुकडे," भाची म्हणाली. "रंग-बिंग काही लावलेला नाही. हा नुसता खडबडीत झालाय."

मी बोट पुढे केलं तशी ती ओरडली, "मामा, हात नका लावू! गवत मोडेल!"

गवत! प्रयोगशाळेत त्याला खरोखरच 'ग्रास' म्हणतात. डोळ्यांना दिसत नाहीत अशा सिलिकॉनच्या सुया, खेटून खेटून उभ्या, लाखोंनी. घासून चकचकीत केलेलं सिलिकॉन अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण एक तृतीयांश परत पाठवतं. सुयांच्या दाटीत मात्र उजेड शिरला की आतल्या आत आपटत राहतो, बाहेर जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून काळा. रसायन तेच, अणू तेच, फक्त पृष्ठभाग बदलला आणि आरशाचा अंधार झाला. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि सुटी संपताच मी भाचीच्या मागे मुंबईला गेलो. शिक्षक आहे, प्रयोगशाळा बघायचीय, म्हणून तिच्या सरांनी परवानगीही दिली.

डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा पोशाख, हातमोजे, तोंडाला मास्क, बुटांवर आवरणं. स्वच्छ खोलीत शिरताना आपल्या अंगावरची धूळ हाच तिथला मोठा शत्रू. एका खोलीत पिवळा उजेड, कारण चकतीवर लावायचं फोटोरेझिस्ट निळ्या नि अतिनील उजेडाला प्रतिसाद देतं, पिवळ्याला देत नाही. त्यापलीकडे ते यंत्र. त्याच्या पोटात धातूची पेटी, तिला म्हणायचं चेंबर. पंप तिच्यातली हवा ओढून काढतो. मग मोजून गॅस सोडतात, आणि तरीही आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे ७६ हजाराव्या हिश्श्याइतकाच.

आणि गॅस कोणता, सांगा? सल्फर हेक्झाफ्लोराइड. आपल्या वायरमनला विचारा, तो म्हणेल, "एसएफ-सिक्स का? तो तर सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये असतो!" अगदी बरोबर. महापारेषणच्या उपकेंद्रात हाच गॅस ठिणगी विझवायला ठेवलेला असतो, कारण तो भयंकर शांत, कुणाशी पटकन संयोग न करणारा. इथे त्याच शांत गॅसला सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा उलटसुलट होणाऱ्या विद्युत क्षेत्रात धरतात. रेडिओलहरींचाच हा पट्टा, १३.५६ मेगाहर्ट्झ. इलेक्ट्रॉन सैरावैरा धावतात, रेणू फुटतात, फ्लोरिनचे अणू सुटे होतात, काही कण विद्युतभारित होतात, आणि पेटीच्या काचेच्या छोट्या खिडकीत फिकट निळसर उजेड उगवतो. चौथी अवस्था! फळ्यावर लिहिलेली ती, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर पेटलेली. मी लहान पोरासारखा काचेला चिकटलो.

पुढचं तर आणखी अचाट. सुटा फ्लोरिन सिलिकॉनला धरतो आणि सिलिकॉन टेट्राफ्लोराइड बनतं. त्याचा उत्कलनबिंदू शून्याखाली सुमारे ८६ अंश. म्हणजे खोलीच्या तापमानाला तो गॅसच. कोरताना निघालेला चुरा गॅस होऊन पंपावाटे निघून जातो! छिन्नी नाही, भुकटी नाही, झाडलोट नाही.

त्यात विद्युतभारित कणांचा, म्हणजे आयनांचा, वाटा वेगळाच. ते वरून सरळ खाली आदळतात, म्हणून चर उभा जातो. आयबीएमच्या जॉन कोबर्न आणि हॅरोल्ड विंटर्स यांनी १९७९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सिलिकॉनवर नुसता फ्लोरिनयुक्त गॅस सोडला, झीज नगण्य. नुसते अर्गॉनचे आयन मारले, झीज नगण्य. दोन्ही एकदम सोडले, आणि झीज एकदम कितीतरी पटींनी वाढली. दोघांच्या बेरजेत हा आकडा बसतच नाही. आजची बहुतेक प्लाझ्मा कोरणी याच संगनमतावर चालते.

आता भाचीची अडचण. तिला सिलिकॉनमध्ये काही मायक्रोमीटर खोल चर हवे होते, तळ गुळगुळीत. त्या चरातून पुढे प्रकाश न्यायचा होता, आणि खडबडीत जागी प्रकाश विखुरतो. उंचसखलपणा दुप्पट झाला तर विखुरणारा प्रकाश साधारण चौपट. कोरायला सुरुवात करण्याआधी चकतीचा पृष्ठभाग असा की चढउतार नॅनोमीटरच्या काही दशांशांत. सिलिकॉनच्या स्फटिकातली एक घडी ०.५४३ नॅनोमीटरची असते हे लक्षात घेतलं, तर हा सपाटपणा अणूंच्या मापाचा झाला! आणि कोरून बाहेर आलं ते काळं गवत.

हे चढउतार मोजायचं यंत्रही तिनं दाखवलं. अणुबल सूक्ष्मदर्शक, १९८६ मध्ये गेर्ड बिनिंग, कॅल्व्हिन क्वेट आणि क्रिस्टॉफ गर्बर यांनी मांडलेलं. अतिशय बारीक टोक पृष्ठभागावरून फिरतं आणि वरखाली झालेलं नोंदवतं. पण काळ्या तुकड्यावर तेही हतबल. सुयांमधल्या फटी इतक्या अरुंद की टोक तळापर्यंत पोचतच नाही, आणि यंत्र सांगतं त्यापेक्षा खरा खडबडीतपणा जास्त असतो. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना तिरपा धरून पाहायचा. पडद्यावर चित्र आलं आणि मी खुर्चीतून उठलोच. जंगल होतं ते! उभ्या सुया, आणि सुईच्या डोक्यावर कुठेकुठे बारीकसा ठिपका.

त्या ठिपक्यातच सगळी गोम. वळवाचा जोरदार पाऊस झाल्यावर अंजनी नदीच्या काठची उघडी माती कुणी निरखून पाहिलीय? सगळीकडची माती वाहून जाते, पण एखादा खडा असेल त्याच्याखालची तशीच राहते, आणि खडा डोक्यावर घेतलेला मातीचा इवला खांब उभा दिसतो. चेंबरमध्ये हेच होतं. सिलिकॉनवर कुठूनतरी न कोरला जाणारा कण येऊन बसला की त्याच्याखालचं सिलिकॉन वाचतं, बाजूचं जातं, सुई उभी राहते. प्रयोगशाळेच्या बोलीत हा 'मायक्रोमास्क'.

मग प्रश्न एवढाच उरतो, की कण आला कुठून? आणि इथून जे सुरू झालं, त्यानं मी वेडा झालो.

संशयित पुष्कळ. चकतीवर आधीच कचरा होता का? फोटोरेझिस्ट धुताना त्याचा पातळ थर मागे राहिला का? सिलिकॉनवर हवेतच एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड चढतो, तो जागोजागी उशिरा फुटला का? गॅसमध्ये ऑक्सिजन जास्त झाला का? कारण ऑक्सिजन वाढला की सिलिकॉन, ऑक्सिजन आणि फ्लोरिन मिळून पृष्ठभागावर एक संरक्षक पापुद्रा धरतात, आणि आयनांना तो सगळीकडे सारखा फोडता आला नाही की गवत उगवतं. तुकडा खालच्या चकतीला नीट चिकटला नव्हता, म्हणून तापला का? की चेंबरच्या भिंतीवरून, किंवा मास्कवरूनच काहीतरी उडून आलं? भाचीनं मास्क वापरला होता अॅल्युमिनियमचा. सिलिकॉनच्या ज्या भागाला हात लावायचा नाही, तो त्यानं झाकायचा.

मला वाटलं, आता सगळंच बदलून बघतील. छे! एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिथला कायदा. आणि प्रत्येक खेपेआधी चेंबर ऑक्सिजन प्लाझ्मानं साफ करून एक बिनकामाची चकती आत कोरून घ्यायची, म्हणजे आदल्या कामाचा दोष पुढच्याच्या माथी येत नाही. वहीत दाब, वीज, गॅसचं प्रमाण, तापमान, आधी आत काय कोरलं, सगळं लिहायचं.

पहिल्यांदा मास्क नसलेला कोरा तुकडा, रेसिपी तीच. (हो, तिथे गॅस, दाब, वेळ यांच्या ठरलेल्या मांडणीला रेसिपीच म्हणतात!) बाहेर आला तो लखलखीत. म्हणजे रेसिपी निर्दोष, ऑक्सिजन निर्दोष, चेंबरची भिंत निर्दोष. एका फटक्यात तीन संशयित सुटले! मग कोरा तुकडा पुन्हा ठेवला, पण शेजारी अॅल्युमिनियमचा मास्क लावलेला तुकडा. आणि काय सांगू, कोऱ्या तुकड्यावरही गवत! तेही कसं, शेजाऱ्याकडच्या कडेला दाट आणि लांब जावं तसं विरळ. त्यावर मास्क नव्हता, रेझिस्ट नव्हतं, काही नव्हतं. गवताची दाटी शेजाऱ्याकडे बोट दाखवत होती. मी टाळी वाजवली. स्वच्छ खोलीत टाळी वाजवत नाहीत, हे मला नंतर कळलं.

झालं होतं असं. वरून आदळणारे आयन अॅल्युमिनियमचे कण उडवत होते. फ्लोरिननं अॅल्युमिनियमला धरलं की होतं अॅल्युमिनियम फ्लोराइड, आणि ते गॅस व्हायला १२०० अंशांच्या वर जावं लागतं. सिलिकॉनचं फ्लोराइड शून्याखाली ८६ अंशांपाशीच उडून जातं, हे शेजारी ठेवा. दोन फ्लोराइडं, एक पंपात जातं, दुसरं कुठे जाणार? सिलिकॉनवर बसतं, खालचं वाचवतं, गवत उगवतं. जे उडून जात नाही, ते मागे राहून खडबड करतं. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचं सार या एका वाक्यात आहे.

आणि हे वाक्य सिलिकॉनपुरतं नाही. लेसरसाठी लागणारं इंडियम फॉस्फाइड क्लोरिननं कोरतात, पण इंडियमचं क्लोराइड थंडीत उडत नाही. म्हणून खालचा पाट दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवतात, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत. तांब्याची तर अशी सोयीची उडती संयुगंच नाहीत, म्हणून चिपमधल्या तांब्याच्या तारा प्लाझ्मानं कोरणं उद्योगात रुजलं नाही. आधी चर कोरायचे, मग त्यात तांबं भरून वरचं घासून काढायचं. आयबीएमनं १९९७ मध्ये हा मार्ग जाहीर केला आणि सगळ्या उद्योगानं तो धरला.

भाचीनं अॅल्युमिनियम काढून सिलिकॉन डायऑक्साइडचा मास्क लावला. त्याचं जे काही उडतं, ते फ्लोरिनमध्ये गॅस होऊन निघून जातं. आयनांचा मारा सौम्य केला, अर्थात त्याचा परिणाम वेगळा तपासून. कोरण्याआधी ऑक्सिजन प्लाझ्माचा छोटा हात फिरवून रेझिस्टचा उरलेला पापुद्रा काढला. नैसर्गिक ऑक्साइड काढायला तुकडा सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवला. हे काम तिनं एकटीनं नाही केलं, शिकलेला माणूस शेजारी, हातांत जाड मोजे नि चेहऱ्यावर ढाल, कारण ते आम्ल कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं. आणि मग चर असा निघाला की तळात ट्यूबलाइट दिसली. मी विचारलं, "आता तो काळा तुकडा टाकून देणार?" तर म्हणाली, "मामा, काळ्या तुकड्यावर तर लोक आयुष्य काढतात!"

तोही धागा भन्नाट. नेदरलँडमधल्या ट्वेंटे विद्यापीठात हेन्री यान्सेन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलं, की गवत उगवणं ही खूणच धरा. कोरा तुकडा काळा पडेपर्यंत ऑक्सिजन वाढवत न्या. काळा पडला की समजा, आता भिंती उभ्या कोरल्या जाण्याच्या जवळ आलो. मग तिथून थोडं मागे-पुढे सरका आणि गवत घालवा. म्हणजे बिघाडच मोजपट्टी! सौरऊर्जावाल्यांना तर काळं सिलिकॉन मुद्दाम हवं असतं, कारण परत गेलेला उजेड म्हणजे वाया गेलेली वीज. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. आता त्या बाजूनं जाताना मला सौरघटाचा पृष्ठभाग हीच बातमी वाटते. तिथे अडचण फक्त एवढी, की सुया वाढल्या की पृष्ठभागही वाढतो, आणि विद्युतभार तिथेच हरवतात. म्हणून वरून संरक्षक थर द्यावा लागतो.

खिशातला मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं, त्याच्या मागेही हीच कोरणी. जर्मनीत बॉश कंपनीत फ्रान्झ लेर्मर आणि आंद्रेआ शिल्प यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पद्धत काढली. थोडं कोरायचं, मग भिंतींवर संरक्षक थर द्यायचा, पुन्हा थोडं कोरायचं. यातून खोल उभे चर निघतात आणि मोबाइलमधले हालचाल ओळखणारे इवले पट्टे घडतात. याची किंमत म्हणजे भिंतीवर एकाखाली एक उठणाऱ्या खाचा. फेऱ्या लहान केल्या तर खाचा बारीक होतात, पण काम हळू होतं. तोही खडबडीतपणाच, पण त्याचं कारण माहीत आहे, म्हणून तो ताब्यात आहे.

पृष्ठभागाची काळजी आपल्या गावाला तशी नवी नाही. एरंडोलला हातकागद व्हायचा, इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरातही त्याची नोंद आहे. जुन्या पद्धतीत हातकागदाला खळ देऊन तो घोटून गुळगुळीत करत, म्हणजे शाई पसरत नसे. गावातल्या कागदाचा तो धंदा मागे पडला. पण आता नजर नॅनोमीटरवर न्यायची वेळ आलीय. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेऱ्याला चिप कारखान्याची पायाभरणी झाली. एका चकतीवर शेकडो टप्पे चढतात, त्यातले कित्येक कोरणीचे. चेंबरच्या खिडकीत बघणारी, वही लिहिणारी, एका वेळी एकच गोष्ट बदलणारी माणसं तिथे लागणारच.

म्हणून एरंडोल, धरणगाव, पारोळा, अमळनेरच्या कॉलेजांतल्या पोरापोरींनो, आणि विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र नि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. २००८ पासून केंद्र सरकारचा 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम' चालू आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथल्या स्वच्छ खोल्या बाहेरच्या कॉलेजांसाठी उघडायला तो सुरू झाला, आणि पुढे आणखी आयआयटीही त्यात आल्या. आधी ओळखवर्ग, मग हातानं काम करायचं प्रशिक्षण, मग स्वतःचा प्रकल्प. आपल्या विभागप्रमुखांना आजच विचारा, अर्ज करा. आणि तिथे गेल्यावर तुमचा तुकडा काळा पडला, तर तो फेकू नका. तिरपा धरून सूक्ष्मदर्शकाखाली न्या, आणि सुयांच्या डोक्यावर काय बसलंय ते पाहा.